पुसली की चालते, पंधरा दिवसांनी पुन्हा पडते: मल्टिमोड पिगटेलवरच्या लिंकचं दुखणं

लक्षणं

लिंक पडते. कोणीतरी रॅक उघडून पॅच कॉर्ड (स्विचपासून फायबरच्या पेटीपर्यंतची छोटी जोडकेबल) काढतं, पुसून पुन्हा लावतं, लिंक येते. आठवडा-पंधरवडा बरा जातो आणि पुन्हा तेच. ही पहिली खूण. दुसरी म्हणजे स्विचवरचा दिवा हिरवा असतो, पण कॅमेऱ्याचं चित्र फुटतं, मोठी फाइल मध्येच अडकते आणि पोर्टवरचा सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाचा, आकडा रोज वाढलेला दिसतो. कधी १ जी (सेकंदाला १ गिगाबिट) वर वर्षानुवर्षं चाललेली जोडी १० जी चं मॉड्यूल (स्विचमध्ये बसणारा, प्रकाश पाठवणारा-घेणारा भाग) लावताच उभीच राहत नाही. कधी एका टोकाला प्रकाश भरपूर पोचतो आणि दुसऱ्या टोकाला नाही, केबल तीच, लांबी तीच असूनही. आणि कधी रॅकचं दार लावलं की लिंक जाते, उघडलं की येते.

कोल्हापूरच्या आसपास शिरोलीच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे लूम, साखर कारखाने अशा ठिकाणी मी फायबरची कामं करतो. जागा बदलते, धूळ बदलते, पण हे दुखणं सगळीकडे सारखंच. बहुतेक ठिकाणी मी पोचेपर्यंत एक-दोन मॉड्यूल बदलून झालेली असतात. दोष मात्र मॉड्यूलमध्ये क्वचितच सापडतो. तो एलआययूच्या, म्हणजे केबल जिथे संपते त्या फायबरच्या पेटीच्या, आत-बाहेर, पिगटेलच्या आसपास असतो.

पिगटेल म्हणजे काय, ते आधी

पिगटेल म्हणजे साधारण एक-दीड मीटरचा फायबरचा तुकडा. एका टोकाला कारखान्यात पॉलिश केलेला कनेक्टर, एलसी, एससी किंवा एसटी. दुसरं टोक मोकळं. जमिनीखालून किंवा ट्रेवरून आलेल्या केबलच्या कोअरला, म्हणजे तिच्यातल्या एकेका काचेच्या तंतूला, हे मोकळं टोक स्प्लायसिंग मशीनवर वितळवून जोडतात. जोडावर स्लीव्ह बसवून तापवतात आणि उरलेली लांबी एलआययूच्या ट्रेमध्ये वेटोळं करून ठेवतात. कनेक्टर आतल्या बाजूने कपलरमध्ये बसतो, बाहेरच्या बाजूने तुमची पॅच कॉर्ड येते. जागेवर बसून हाताने कनेक्टर पॉलिश करण्यापेक्षा हे खात्रीचं असतं, कारण काचेचं तोंड कारखान्यात यंत्रावर घासून तपासलेलं असतं.

ट्रेमध्ये गुंडाळून ठेवलेली केबलच्या कोअरची जादा लांबी ही या सगळ्या रचनेतली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे. पॅच कॉर्ड खराब झाली तर नवी आणता येते. पिगटेल खराब झाली तर कोअर कापून, सोलून पुन्हा जोडावा लागतो आणि प्रत्येक वेळी काही सेंटिमीटर लांबी कायमची जाते. चार-पाचदा असं झालं की कोअर मशीनपर्यंतच पोचत नाही. म्हणून तपासणी नेहमी बाहेरून आत करायची. ट्रेचं झाकण सर्वांत शेवटी.

एक सूचना, आणि ती गांभीर्याने घ्या: कनेक्टरच्या तोंडात डोळा लावून पाहू नका. मल्टिमोडचा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला धड दिसत नाही, पण डोळ्यात जातो. लाल लाइटच्या पेनचं (फायबरमध्ये लाल प्रकाश सोडून दोष शोधायचं साधन) तोंडही कोणाच्या डोळ्याकडे धरू नका.

सुरुवात: आकडा वाचा

ही तपासणी फुकट आहे आणि तिला पाच मिनिटं लागतात. मॅनेज्ड स्विच असेल आणि मॉड्यूल निदानाची माहिती देणारं असेल, तर दोन्ही टोकांचा पाठवलेला आणि मिळालेला प्रकाश डीबीएममध्ये वाचता येतो (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). १० जी च्या मल्टिमोड मॉड्यूलला मिळणारा प्रकाश उणे ९.९ डीबीएमच्या खाली जाता कामा नये. १ जी च्या ८५० नॅनोमीटरच्या मॉड्यूलला उणे १७ पर्यंत चालतं. एवढ्यावरच एक कोडं सुटतं. जी लिंक १ जी वर नीट चालत होती ती कदाचित तेव्हाही आजारी होती, फक्त तिला सवलत जास्त होती.

या आकड्यात ३ डीबीपर्यंत चूक असू शकते, त्यामुळे त्यावरून अंतिम निकाल देऊ नका. पण तुलनेसाठी तो फार उपयोगी आहे. दोन्ही दिशांचे आकडे कागदावर लिहा, तारीख घाला. मग पॅच कॉर्ड हलवून, दार उघडून-लावून पुन्हा वाचा. आकडा हाताबरोबर हलत असेल तर दोष बाहेर आहे, कपलर, कनेक्टर किंवा वळणात. आकडा स्थिर पण कमी असेल तर पुढच्या दोन्ही शक्यता उरतात, घाण किंवा चुकीच्या मापाचा कोअर (इथे कोअर म्हणजे तंतूच्या आतला, प्रकाश वाहणारा गाभा). आणि आकडा दोन्ही बाजूंना उत्तम असूनही एरर येत असतील, तर लांबी मोजा. मल्टिमोडमध्ये प्रकाश अनेक वाटांनी धावतो आणि लांब अंतरावर ठोके एकमेकांत मिसळतात. ओएम१ ते ओएम५ हे मल्टिमोड फायबरचे दर्जे. १० जी साठी जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या ओएम१ वर ३३ मीटर, ओएम२ वर ८२, ओएम३ वर ३०० आणि ओएम४ वर ४०० मीटर ही मर्यादा आहे. शंभर मीटरच्या ओएम१ केबलवर १० जी चालत नसेल तर कितीही पुसा, उपयोग नाही. तिथे १ जी वर समाधान माना किंवा केबल बदला.

मग रंग पाहा, पण रंगावर विसंबू नका

नारिंगी आवरण म्हणजे ओएम१ किंवा ओएम२. आकाशी म्हणजे ओएम३ किंवा ओएम४, काही ओएम४ गडद गुलाबी-जांभळी येते. पोपटी म्हणजे ओएम५. पिवळं म्हणजे सिंगलमोड, एकाच वाटेने प्रकाश नेणारं फायबर. रॅकसमोर उभं राहून मॉड्यूलपासून एलआययूपर्यंतची पॅच कॉर्ड नजरेखालून घाला. गडबडीत कोणीतरी पिवळी कॉर्ड लावलेली मी कितीदा पाहिली आहे. मल्टिमोडचा प्रकाश ९ मायक्रॉनच्या कोअरमध्ये कसा मावणार? लिंक जवळजवळ मरतेच. उरलीच तर ती अंतर फार कमी म्हणून, आणि अशीच लिंक सारखी पडते.

नारिंगी रंगात एक सापळा आहे. नारिंगी आवरणात ५० मायक्रॉनचाही कोअर असतो आणि ६२.५ चाही. आवरणावरची छपाई वाचा: ५०/१२५ की ६२.५/१२५. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

दुसरा सापळा एलआययूच्या आत. बारा पिगटेल्सचा रंगीत संच मिळतो, निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी, पांढरी, लाल, काळी, पिवळी, जांभळी, गुलाबी, आकाशी. इथे रंग हा कोअरचा क्रमांक आहे, फायबरचा प्रकार नाही. नवव्या क्रमांकाची पिवळी पिगटेल पाहून ‘ही सिंगलमोड आहे’ म्हणत चांगली पिगटेल कापून टाकणारे आहेत. अशा संचात कनेक्टरचा रंग पाहायचा. बदामी, काळा किंवा आकाशी असेल तर मल्टिमोड. निळा असेल तर सिंगलमोड. हिरवा असेल तर त्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं आणि तो सरळ तोंडाच्या कनेक्टरला कधीच लावू नये.

सफाई: दहातले बहुतेक दोष इथेच संपतात

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण ‘पुसली की चालते, मग पुन्हा पडते’ याचं उत्तर बहुतेक वेळा सफाईच्या पद्धतीतच असतं.

ओएम३ चा कोअर ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून बारीक. कोअर मोठा म्हणून मल्टिमोडला धूळ बाधत नाही हा समज जुन्या १०० एमबीच्या काळातला. १० जी ला ओएम३ वर एकूण २.६ डीबी इतकाच तोटा परवडतो. त्यात धुळीला जागा नाही.

आणि धूळ फक्त प्रकाश अडवत नाही. कनेक्टर लावताना दोन काचेची तोंडं एकमेकांवर दाबली जातात. मध्ये कण असेल तर तो चिरडला जातो आणि दोन्ही तोंडांवर खड्डा पडतो. फाउंड्रीतला वाळूचा कण काचेइतकाच कडक असतो. लूमच्या शेडमधला कापसाचा तंतू मऊ असतो, तो पुसला जातो. साखर कारखान्यात गळिताच्या हंगामात बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, भुकटी आणि वाफ एकत्र येते आणि चिकट थर बसतो, तो कोरड्या सफाईने निघत नाही. म्हणजे मळलेली पॅच कॉर्ड एकदा लावली तर खड्डा आतल्या पिगटेललाही पडतो. पॅच कॉर्ड तुम्ही बदलता, पिगटेल तशीच राहते, आणि पंधरा दिवसांनी मला फोन येतो.

सगळ्यात मोठी चूक हीच: लोक पॅच कॉर्डचं टोक पुसतात. कपलरच्या पलीकडे बसलेलं पिगटेलचं टोक कोणीच पुसत नाही. एलआययू बसवल्या दिवसापासून त्याला कोणाचा हात लागलेला नसतो. एका टोकाला साफ केलेली कॉर्ड पुन्हा त्याच मळक्या तोंडावर दाबली जाते.

योग्य पद्धत अशी. पेनासारखा एका क्लिकचा क्लीनर घ्या, एलसीसाठी १.२५ मिलिमीटरचा, एससी आणि एसटीसाठी २.५ चा. मॉड्यूल बंद करा किंवा पोर्ट डाउन करा. पॅच कॉर्ड काढा, तिचं टोक क्लीनरच्या टोपीतून साफ करा. मग टोपी काढून क्लीनर सरळ कपलरमध्ये घाला आणि क्लिक करा. आत बसलेल्या पिगटेलचं तोंड कनेक्टर न काढताच साफ होतं. चिकट थर असेल तर न तंतू सोडणाऱ्या पुसणीवर ९९ टक्के शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब, एका दिशेने एकदा पुसायचं, लगेच कोरडं पुसायचं. औषधाच्या दुकानातलं जखमेचं स्पिरिट वापरू नका, त्यात पाणी असतं, कधी तेलही असतं, आणि वाळल्यावर डाग राहतो. आयसोप्रोपिलची बाटलीसुद्धा उघडी ठेवली तर हवेतलं पाणी ओढते. रुमाल, शर्टाची बाही आणि तोंडाने फुंकर या तिन्ही सवयी सोडा. फुंकरीबरोबर थुंकीचे थेंब जातात.

डस्ट कॅप स्वच्छ असते हाही गैरसमज आहे. टोपीच्या आतही धूळ असते, प्लास्टिकचा अंश असतो. नवी पिगटेल, नवी कॉर्ड, पाकिटातून काढलेली असली तरी लावण्याआधी साफ करायची.

जमलं तर तोंड तपासायचा छोटा मायक्रोस्कोप घ्या, स्क्रीनवर दाखवणारा. त्याशिवाय तुम्ही पुसता, पण पुसलं गेलं का हे कळत नाही. साफ केल्यावरही कोअरवर काळा ठिपका किंवा रेघ तशीच दिसत असेल तर ती घाण नाही, इजा आहे. ती पॅच कॉर्डवर असेल तर कॉर्ड टाकून द्या, दुसऱ्या कनेक्टरला तीच इजा देण्याआधी. पिगटेलवर असेल तर पिगटेल बदलावीच लागेल, आणि त्याबद्दल पुढे.

कपलर आणि बसणं

एलसी आत घालताना टक् असा आवाज आला पाहिजे. एसटी अर्धवट फिरवून सोडलेला असतो, तो दाबून पूर्ण फिरवा. कपलरच्या आत एक बारीक नळी असते जी दोन्ही कनेक्टर एका रेषेत धरते. ती तडकली किंवा सैल झाली की लिंक हाताबरोबर हलते. कपलर स्वस्त आहे, शंका आली की बदला. मात्र बदलताना आतल्या पिगटेलला ओढ बसू देऊ नका. एलआययूचं झाकण उघडून, पिगटेलला हाताने आधार देऊनच काढा.

वळणं

दार लावल्यावर जाणारी लिंक म्हणजे दाराने दबलेली कॉर्ड, यात मला कधी दुसरं कारण सापडलेलं नाही. एलआययूच्या आत पिगटेलचं वेटोळं सहा सेंटिमीटर व्यासापेक्षा लहान नको. प्लास्टिकचा केबल टाय घट्ट आवळलेला दिसला की कापा आणि वेल्क्रो लावा. टाय बसवताना लिंक चालते, उन्हाळ्यात आवरण मऊ पडतं आणि टाय आत रुततो. म्हणून असे दोष दुपारी येतात.

उष्णतेचं आणखी एक कारण असतं. केबलच्या मधोमध असलेली मजबुतीची काडी एलआययूत स्क्रूने आवळलेली असते. ती आवळलेली नसेल तर थंडी-उन्हाने केबल आत-बाहेर सरकते आणि ती हालचाल थेट ट्रेमधल्या कोअरवर येते. स्प्लाइस (वितळवून केलेला जोड) धारकातून सुटलेली दिसते, वेटोळं वर फुगलेलं दिसतं. इथे काडी आवळणं तुम्ही करू शकता. वेटोळं सोडवायला जाऊ नका.

आता लाल लाइटचा पेन लावा. मॉड्यूलपासून कॉर्ड सोडवून तिच्यात लाल प्रकाश सोडायचा आणि खोलीचे दिवे मालवायचे. जिथे वळण जास्त आहे किंवा काच तडकली आहे तिथे आवरणातून लाल उजेड झिरपतो. स्प्लाइसच्या स्लीव्हमध्ये ठळक लाल ठिपका पेटला तर जोड खराब आहे. अंधुक उजेड मात्र चांगल्या जोडातही दिसतो, त्याला घाबरू नका.

मोजमाप आणि कोअरचा घोळ

इथून पुढे लाइट सोर्स आणि पॉवर मीटर लागतो, एका टोकाला प्रकाश सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला मोजायचा. कोणाकडून तासाभरासाठी आणता आला तर आणा. ज्या कॉर्डने आधी मीटरचं शून्य लावाल ती केबलच्याच जातीची हवी. ५० च्या केबलला ६२.५ ची कॉर्ड लावून घेतलेलं माप खोटं असतं.

हिशोब असा. समजा ओएम३ ची केबल १८० मीटर. ३ डीबी प्रति किलोमीटर धरून केबलचा तोटा ०.५४. दोन टोकांना दोन कनेक्टर-जोड्या, मान्य कमाल ०.७५ प्रत्येकी, म्हणजे १.५. दोन स्प्लाइस, कमाल ०.३ प्रत्येकी, म्हणजे ०.६. बेरीज २.६४. प्रत्येक भाग एकेकटा पास, आणि १० जी ची २.६ ची मर्यादा तरीही ओलांडली. म्हणून ‘स्प्लाइस पास आहे, कनेक्टर पास आहे’ यावर मी थांबत नाही. नीट काम असेल तर कनेक्टर-जोडी ०.३ च्या आत आणि स्प्लाइस ०.१ च्या आत येते, आणि हीच लिंक १.४ च्या आत बसते.

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत ऑफिस ते मेल्टिंग शॉप अशी आकाशी केबल होती. वर्षात चार वेळा लिंक गेली. ऑफिसकडून शॉपकडे प्रकाश उत्तम, शॉपकडून ऑफिसकडे कमी. मॉड्यूल बदललं, कॉर्ड बदलली, फरक नाही. एलआययू उघडल्यावर शॉपच्या टोकाला पिगटेल्स नारिंगी, छपाई ६२.५/१२५. कॉर्डही त्याच जातीची. कुठल्या तरी जुन्या कामातल्या उरलेल्या पिगटेल्स कोणीतरी वापरल्या होत्या.

६२.५ च्या कोअरमधून ५० च्या कोअरमध्ये जाताना कडेचा प्रकाश बाहेर सांडतो. उलट दिशेने, लहानातून मोठ्यात जाताना, काहीच सांडत नाही. म्हणूनच एकच दिशा आजारी. मोठा कोअर पूर्ण भरून प्रकाश टाकला तर हा तोटा हिशोबाने साडेचार डीबीच्या वर जातो. लेझरच्या मॉड्यूलला कमी बसतो, पण २.६ चं बजेट मोडायला तेवढाही पुरतो. स्प्लायसिंग मशीनला हे कळत नाही. दोन्ही फायबरचा बाहेरचा व्यास १२५ मायक्रॉनच असतो, मशीन तो जुळवतं आणि स्क्रीनवर ०.०२ दाखवतं. तो आकडा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. त्या दिवशी बारा पिगटेल्स बदलल्या. त्यानंतर त्या लिंकसाठी मला बोलावणं आलेलं नाही.

इथे थांबा

ट्रेमधला जोड कापावा लागणार असेल आणि तुमच्याकडे स्प्लायसिंग मशीन, चांगला क्लीव्हर (काच सरळ कापायचं अवजार) आणि दोन्हीचा सराव नसेल, तर थांबा आणि स्प्लायसिंगवाल्याला बोलवा. काचेचे उडालेले तुकडे बोटात शिरतात आणि दिसत नाहीत, आणि एक चुकीचा काप जादा लांबी संपवतो. ट्रेमध्ये इतरांचे चालू कोअर असतील, तिथून अलार्म, वजनकाटा किंवा भट्टीचं नियंत्रण जात असेल, तरीही थांबा, तुम्हाला हात येत असला तरी. त्याची वेळ ठरवून, कारखान्याला कळवूनच काम करा. केबल एखाद्या चॅनेलमध्ये विजेच्या केबलबरोबर असेल तर ती उघडणं इलेक्ट्रिशियनशिवाय करू नका. आणि दोन्ही टोकं साफ, कपलर नवे, वळणं ठीक, कोअर एकाच मापाचा, तरी तोटा जास्त असेल तर दोष मधल्या केबलमध्ये आहे. उंदराने कुरतडली असेल किंवा जेसीबीने ओढली असेल. त्याला ओटीडीआर (प्रकाशाचा ठोका सोडून दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं यंत्र) लागतो, आणि तोही लाँच केबलसह (यंत्र आणि पिगटेल यांच्यामध्ये लावायची लांब केबल), नाहीतर एक-दीड मीटरची पिगटेल आणि तिचा जोड यंत्राच्या सुरुवातीच्या आंधळ्या पट्ट्यात लपून जातो.

बोलावलेल्या माणसाकडून काम झाल्यावर तीन गोष्टी मागून घ्या. प्रत्येक कोअरचं ८५० नॅनोमीटरवरचं दोन्ही दिशांचं माप. वापरलेल्या पिगटेलच्या पाकिटावरची ५०/१२५ किंवा ६२.५/१२५ ही खूण, फोटोसह. आणि ट्रेमध्ये प्रत्येक कोअरची किती लांबी उरली. हे तिन्ही एका कागदावर लिहून एलआययूच्या दाराला आतून चिकटवा.